नाल्यापलीकडचं घर

माझ्या हातून जे झालं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता मी ते गुळगुळीत करून टाकीन. माझ्या सोबत्याला कॉलेजसाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळणार होती. चौकशीला आलेल्या सर्कलसाहेबांना मी, कोणी विचारलेलं नसताना, सांगितलं की याचं घर महाराष्ट्रात नाही, नाल्याच्या पलीकडे गुजरातच्या हद्दीत आहे. ते खरं होतं. मी ते सूड म्हणून सांगितलं. आदल्या दिवशी त्याने माझा पुढचा दात पाडला होता, आणि कोणीही माझा दात पाडावा असंच मी त्याच्याशी बोललो होतो.

आमचं गाव तापीकाठचं, कळसाडीपासून फार लांब नाही. कापूस, ऊस, थोडी केळी. आम्ही गुजर. घरात गुजरी बोलायचो, गावात अहिराणी, आणि शाळेत पुस्तकातली मराठी. माझे वडील, बापू, गावचे पोलीस पाटील होते. त्यांचा हात फार चालायचा. बैलाला मारत, सालदाराला मारत, मला मारत, आईलाही मारत. हाताला लागेल त्याने मारत. बैल हाकायची परोणी असेल तर परोणीने, तांब्या असेल तर तांब्याने. मारून झालं की हातपाय धुऊन जेवायला बसत, आणि आम्हीही बसायचो. एखाद्या घरात जेवताना रेडिओ लागतो, तसं आमच्याकडे जेवणाआधी कोणीतरी ओरडत असे. मी मोठा होईपर्यंत मला वाटायचं, सगळीकडे असंच असतं.

आमचा सालदार, वर्षाच्या कराराचा गडी, डोंगरातला होता, अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीच्याही पलीकडचा, भिल्ल. एका अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कामावर लागायचा आणि पुढच्या अखाजीपर्यंत राहायचा. त्याचा थोरला मुलगा वर पाड्यावर शेत सांभाळायचा. बायको आणि धाकटा मुलगा त्याच्याबरोबर आमच्या गोठ्याला लागून असलेल्या झोपडीत राहत. हा धाकटा माझ्याच वयाचा; तोच माझा सोबती. गावच्या गुरुजींनी त्याला शाळेत घातलं. बापू म्हणाले, "जाऊ दे, पण आधी शेण निघालं पाहिजे." त्यामुळे तो शेण काढून, हौदावर हात घासून शाळेत यायचा, आणि मला न सुटणारी गणितं सोडवायचा. पुढे हायस्कूललाही आम्ही एकाच सायकलवर गेलो.

त्याला पोहता येत नव्हतं. मी त्याला तापीच्या डोहात ढकलून दिलं. बुडता बुडता तो शिकला, वर आला, माझ्या कानाखाली एक ठेवून दिली, आणि मग आम्ही दोघंही वाळूत पडून हसलो. आमची मैत्री अशी होती. त्याने मला बापूंचा मार खाताना पाहिलं होतं, मी त्याच्या बापाला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मॅट्रिकच्या आदल्या वर्षी, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, त्याच्या थोरल्या भावाला अस्वलाने धरलं. पहाटे फुलं वेचायला गेला होता. अस्वलही फुलांवरच आलं होतं. तोंडाची एक बाजू फाडलेल्या त्या भावाला घरी आणलं, आणि तो घरातच मेला. निरोप आला तसा सालदार बायकोला आणि मुलाला घेऊन निघाला. कोणाला सांगितलं नाही. शेतात गहू उभा होता, अखाजी अजून लांब होती.

बापूंना हे पळून जाणं वाटलं. "साल पुरं नही करता गया," ते ओट्यावरून गरजले, "पाय तोडी लई या त्याले!" त्यांनी दोन माणसं काढली. एक माझा चुलतचुलता, दुसरा आमच्या ऊसावरचा मुकादम. त्यांना वाट माहीत नव्हती. मला होती. मी एका होळीला सोबत्याबरोबर त्याच्या पाड्यावर जाऊन नाचून आलो होतो. म्हणून वाट दाखवायला मला पाठवलं. मी नाही म्हणालो नाही. नाही म्हटलं असतं तर मार बसला असता, हे खरं. पण मोलगीपर्यंत लाकडाच्या ट्रकमध्ये बसून जाताना मला मजा येत होती, हेही खरं.

पाड्यावर गेलो तर घर नव्हतं. मी ज्या अंगणात होळीला बसलो होतो तिथं चुलीचे दगड होते आणि खांबांचे खड्डे. शेजारच्या म्हातारीने हाताने नाल्याकडे दाखवलं. त्यांच्यात अशी रीत होती की ज्या घरात असं वाईट मरण झालं त्या घरात पुन्हा राहायचं नाही. घर मोडायचं, दुसरीकडे नवं बांधायचं. डोंगरात घरं तशीही एकमेकांपासून लांब, आपापल्या शेतात असतात, त्यामुळे हलणं काही नवल नव्हतं. सालदाराने नाल्याच्या पलीकडे, बायकोच्या भावाच्या शेताच्या कडेला जागा धरली होती. नाल्यात घोट्याएवढं पाणी. दोन उड्यांत आम्ही पलीकडे गेलो. काठावर चुना फासलेला एक दगड रोवलेला होता. दोन राज्यं नुकतीच वेगळी झाली होती, त्याची ती खूण. त्या दगडावर कोणीतरी फडकं वाळत घातलं होतं.

सालदार छपरावर बसून बांबू बांधत होता. मुकादमाने त्याचा पाय धरून त्याला खाली ओढला. तो पाठीवर पडला, आणि उठायच्या आत दोघांनी लाथा घालायला सुरुवात केली. पोटात, छातीत, तोंडावर. त्याची बायको ओरडत मध्ये पडली तर चुलत्याने तिला केसांना धरून बाजूला फेकलं. सालदाराने हात वर केला नाही. फक्त डोकं वाचवत होता. मग मुकादम धापा टाकत मला म्हणाला, "देखी काय ऱ्हायना, पाटीलना पोऱ्या? बांध त्याना हात!"

छपराला बांधायला आणलेली झाडाच्या सालीची दोरी तिथंच पडली होती. मी ती उचलली आणि त्याचे हात बांधले. चांगले घट्ट बांधले. त्याच्या मनगटाला माझी बोटं लागत होती आणि तो मला मदत केल्यासारखे हात जवळ धरून होता.

तेवढ्यात सोबती वरच्या रानातून उतरला. खांद्यावर बांबू, हातात कुऱ्हाड. त्याने बांबू टाकले, कुऱ्हाड टाकली नाही. मुकादम दोन पावलं मागे सरला. सालदार जमिनीवरूनच त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडला, दोनदा, तेच शब्द.  मग सोबत्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

ते शब्द काय होते हे त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं. बाप म्हणत होता, "तुझी शाळा जाईल. तुझी शाळा जाईल."

भावाचा दुखवटा अर्धा सोडून ते सगळे आमच्याबरोबर खाली आले. गहू निघाला. अखाजीला साल संपलं आणि बापूंनी त्याच बैठकीत पुढचं सालही ठरवलं. सोबती माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. मग पुन्हा बोलू लागला. कसं जुळलं ते आठवत नाही. परीक्षा जवळ आली होती आणि सायकल एकच होती, एवढंच कारण असेल.

मॅट्रिकला तो हायस्कूलमध्ये पहिल्या मुलांत आला. मी पास झालो. आमचे हेडमास्तर कडक माणूस, पण त्या दिवशी त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता कॉलेज. धुळ्याला जायचं. तुझ्यासाठी शिष्यवृत्ती शोधू. कुठे ना कुठे असणारच."

तो उन्हाळा आम्ही शिष्यवृत्ती शोधण्यात घालवला. सायकल मी चालवायचो, तो मागे बसायचा. तालुक्याच्या कचेरीत गेलो तर म्हणाले, जिल्ह्याला विचारा. जिल्ह्याला गेलो तर म्हणाले, तालुक्यातून कागद येऊ द्या. एका धर्मादाय फंडाचे गृहस्थ भेटले. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग म्हणाले, आमचा फंड आमच्या समाजातल्या मुलांसाठी आहे. चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात गरीब मुलांना मदत मिळते असं ऐकून तो एकटाच ट्रक पकडून तिथं जाऊन आला. तिथल्या एका बाईंनी त्याला जेवू घातलं आणि सांगितलं, "आदिवासी मुलांना कॉलेजसाठी सरकार सगळं देतं. फी, वसतिगृह, पुस्तकं. तेच धर. सोडू नको." ते ऐकून तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. हेडमास्तरांनी नियम काढून वाचले. जातीचा दाखला लागेल, तो मिळेल. आणि कायमचा रहिवास महाराष्ट्रातला असल्याचा दाखला लागेल.

"तुमचं घर अक्कलकुव्याकडचं ना?" हेडमास्तरांनी विचारलं.

"हो सर," तो म्हणाला.

मी शेजारी उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. नाल्याचा विचार त्याला तेव्हा सुचला होता की नाही, मला माहीत नाही. माझ्या मनात तो आला होता.

आम्ही दोघांनी धुळ्याला जायचं ठरवलं होतं. तो वसतिगृहात राहील, मी खोली घेईन, संध्याकाळी एकत्र फिरू. मी बापूंना अजून विचारलं नव्हतं. एका दुपारी कापसाच्या शेतात वखराची पाळी चालू असताना विचारलं. सोबती बैल धरून उभा होता.

"कॉलेजमा जावानं शे तुले?" बापू म्हणाले. "मंग शेत कोण करी? तुन्हा सासरा?"

मी म्हणालो, "तो जातोय ना."

एवढंच बोललो. बापूंनी परोणी उचलली. तिच्या टोकाला आर असते, बैलाला टोचायची. पाठीवर, मांडीवर, मी पडल्यावर कमरेवर. आर मांडीत शिरली तेव्हा मी शेतातल्या मातीत तोंड खुपसून आईला हाका मारल्या. मी अठरा वर्षांचा होतो. बापू दमले तेव्हा परोणी टाकून विहिरीकडे गेले. सोबती बैल सोडून माझ्याजवळ आला. त्याने मला उठवलं, मांडीला स्वतःचं फडकं बांधलं आणि म्हणाला, "भाऊ, मी तुले समदी पुस्तकं धाडसू. तू घरबठे वाच. परीक्षा देता येस बाहेरथून."

त्याने माझी कीव केली. आमच्या गोठ्याशेजारी राहणाऱ्या, आमच्या हौदावर हात धुणाऱ्या पोराने. मला बापूंच्या मारापेक्षा ते जास्त लागलं. हे लिहायला अवघड जातं, पण त्या दिवशी मला बापूंचा राग आला नाही. त्याचा आला.

दुसऱ्या दिवशी तो नदीवर बैल धूत होता. मी लंगडत खाली गेलो आणि सुरुवात केली. "तुम्हले समदं फुकट. जंगलमाईन उठी उनात नि आमन्हा पुढे चालनात."

"घरी जाय भाऊ," तो म्हणाला. "ताप शे तुले."

मी त्याच्या बापाबद्दल बोललो. कसा पडला होता छपरावरून, कसा हात पुढे करून बांधून घेत होता. तरी तो बैलाची पाठ घासत राहिला. मग मी त्याच्या भावाबद्दल बोललो. अस्वलाने त्याचा चेहरा कसा केला असेल, त्याची मी नक्कल करून दाखवली.

त्याने एकच ठोसा मारला. माझा पुढचा दात जिभेवर आला. मी त्याच्या अंगावर गेलो, आम्ही पाण्यात पडलो, त्याने माझं डोकं धरून पाण्याखाली दाबलं. किती वेळ ते सांगता येत नाही. मला वाटलं मी मरतो. मग त्याने स्वतःच मला वर काढलं, वाळूत टाकलं आणि बाजूला बसून रडू लागला. मी रक्त थुंकत घरी गेलो. बापूंना सांगितलं, बैलाने मारलं.

रहिवासाच्या दाखल्याच्या चौकशीला महसूल खात्याचे सर्कलसाहेब त्याच्या दुसऱ्या दिवशी आले. सकाळची वेळ. आमच्या ओट्यावर खाट टाकली, चहा आला. सोबती ओट्याखाली उभा होता. धुतलेला सदरा, तेल लावून बसवलेले केस. त्याची आई गोठ्याच्या दारातून बघत होती. सर्कलसाहेब बापूंना म्हणाले, "पाटील, हा मुलगा कायमचा इथलाच? घरदार कुठे?"

आता जे झालं त्याचं मला अजून नवल वाटतं. बापूंना सगळं माहीत होतं. माणसं पाठवणारे तेच. पण बापू मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "साहेब, मन्हा गावना पोऱ्या शे तो. आठेच वाढना, आठेच शिकना. वर त्यासनं घर अक्कलकुवा तालुकामा. लिखी टाका."

साहेबांनी लिहायला घेतलं. मी आतल्या दारात उभा होतो. सुजलेल्या ओठांनी मी म्हणालो, "साहेब, त्याचं घर गुजरातमध्ये आहे. नाल्याच्या पलीकडे. मी स्वतः पाहून आलोय."

 साहेबांचा हात थांबला होता, आणि सोबती त्या हाताकडे बघत होता. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. साहेब म्हणाले, "पाटील?" बापू म्हणाले, "पोऱ्या येडा शे." पण साहेब सरकारी माणूस. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, दगड कुठे, घर कुठे. मी नीट सांगितलं. वर्गात उत्तर देतात तसं सांगितलं. आमचेच पूर्वज कधीकाळी गुजरातेतून आले, हे आम्ही लग्नाकार्यात अभिमानाने बोलून दाखवायचो; त्याचा दाखला आमच्याकडे कोणी मागितला नव्हता. हे मला त्या वेळी सुचलं नाही.

साहेब गेल्यावर बापूंनी मला ओट्यावरून खाली फेकलं. "पोलीस पाटीलले खोटा पाडस! त्याना पोटना पोऱ्या! तो कॉलेजमा जाता तं गावनं नाव व्हतं, तू काब्र बोलना?" माझा हात कोपरातून निखळला. मी तो मार अगदी मुकाट्याने खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटत होतं की हा मार माझा आहे.

अर्ज नामंजूर झाला. सोबती गुजरातच्या बाजूला जाऊन आला. तिकडच्या कचेरीत म्हणाले, तू शिकलास मराठीत, मॅट्रिक झालास तिकडे, आता तिकडेच माग. तो पुन्हा आमच्या तालुक्याच्या कचेरीत गेला. पुढचं मी हेडमास्तरांकडून ऐकलं. कारकून सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "इकडचा नाहीस, तिकडचा नाहीस, मग काय आभाळातून पडलास?" बाकावरची माणसं हसली. सोबत्याने समोरचं स्टूल उचललं आणि कारकुनाच्या डोक्यात घातलं. कपाळ फुटलं. शिपायांनी त्याला तिथंच आडवा पाडला आणि चौकीत नेऊन पुन्हा मारलं. लाठी चुकवायला त्याने डोक्यावर हात धरले होते. उजव्या हाताची तीन बोटं मोडली.

हेडमास्तर दिवसभर कचेरीत बसून राहिले. शेवटी कारकून तक्रार मागे घ्यायला तयार झाला, या अटीवर की याने सर्वांदेखत पाय धरून माफी मागावी. हाताला चिंधी गुंडाळलेली असताना त्याने ती मागितली. तीन दिवसांत त्याच्याकडून माफी वसूल झाली. माझ्याकडे ती कोणी मागितली नाही.

सालदार, बायको आणि तो त्याच आठवड्यात डोंगरात निघून गेले. या खेपेला बापूंनी मागे माणसं पाठवली नाहीत.

पुढच्या वर्षी मामांनी बापूंची समजूत घातली आणि मी धुळ्याला गेलो. ज्या फंडाच्या गृहस्थांनी सोबत्याला आडनाव विचारून परत पाठवलं होतं, त्यांच्याकडेच मला पाठवलं गेलं. त्यांनी मला आजोबांचं नाव विचारलं, "आपण मूळचे तिकडचेच," असं म्हणून हसले, आणि माझी फी आणि राहणं-जेवण फंडातून सुरू झालं. दाखला त्यांनी मागितला नाही. मी चार वर्षं ते घेतलं. पदवी मिळाली, मास्तर झालो, लग्न झालं.

या सगळ्या वर्षांत मी त्याला शोधलं नाही. रस्ता माहीत होता. मी स्वतःशी म्हणायचो, खरंच तर बोललो होतो. मी नाही तर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं. तोही खोटंच बोलत होता. एका वर्षी वर्गात एका मुलाला मी छडी मारत होतो. गृहपाठ केला नव्हता. तो हात मागे घेत नव्हता आणि त्यामुळे मला चेव चढत गेला. त्याच्या बोटांतून रक्त आलं तेव्हा शेजारचा मुलगा म्हणाला, "सर, बस करा." मी छडी मोडून टाकली. हात बापूंचाच होता. मी तो ओळखला. त्या आठवड्याच्या बाजाराला मी मोलगीला गेलो.

जीपमधून उतरलो तर समोरच मिठाच्या पोत्यांपाशी तो उभा. बायको बरोबर, तिच्या कडेवर मूल. उजव्या हाताची बोटं आत वळलेली. त्याने मला लगेच ओळखलं.

"मास्तर व्हई गया म्हणे तू," तो म्हणाला. "दात नवा बसाडा का नही?"

"बसवला."

"दखाड."

मी ओठ वर करून दाखवला. त्याने वाकून नीट पाहिलं आणि बायकोला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसली. मग मी बोलायला लागलो. किती वर्षं मनात होतं, रात्री झोप येत नाही, असलं काहीतरी. त्याने मला मध्येच थांबवलं.

"आठे नको. आठे मी मीठ लेवाले उनू. तुले बोलनं शे तं घर चाल. पंच बठतीन. तठे बोल."

मी घाबरलो, हे लपवत नाही. एका पाटलाच्या पोराने डोंगरात एकटं जाऊन पंचांपुढे उभं राहायचं, आणि तिथं कुऱ्हाडी असतात. वाटेत दोनदा मला परत फिरावंसं वाटलं. तो पुढे मिठाचं गाठोडं घेऊन चालत होता. मी येतो की नाही हे त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

नाल्याला तेवढंच पाणी होतं. घराबाहेर त्याच्या म्हाताऱ्या बापाने खाट टाकून घेतली होती. आमचा सालदार. आता वाकला होता, एका बाजूच्या फासळ्या आत गेलेल्या दिसत होत्या. आजूबाजूच्या घरांतून माणसं आली, बायका आल्या, पोरं झाडावर चढून बसली. तीन म्हातारे मध्ये बसले. सोबत्याने मला रीत सांगितली. उभं राहून, सर्वांना ऐकू जाईल असं बोलायचं. पंच जो दंड सांगतील तो द्यायचा, सगळ्यांनी मिळून दारू घ्यायची, आणि त्यानंतर ही गोष्ट दोन्हीकडच्या कोणीही पुन्हा दुसऱ्याच्या तोंडावर फेकायची नाही.

मी सुरू केलं, "तेव्हा मी लहान होतो..."

मधला म्हातारा म्हणाला, "ते नको. काय केलं ते सांग." सोबती दोन्हीकडचं बोलणं समजावून देत होता.

"माझ्या बापाने मला दोन दिवस आधी फार..."

"तुझा बाप नको. तू काय केलं?"

मी सर्कलसाहेबांचं सांगितलं. एका वाक्यात झालं. इतकी वर्षं जे मनात चघळत बसलो होतो ते एका वाक्यात संपलं, आणि मला हलकं वाटायला लागलं. तेवढ्यात खाटेवरून सालदार बोलला. माझ्याशी तो अहिराणीतच बोलला, पूर्वी गोठ्यात बोलायचा तशा आवाजात.

"भाऊ, नि मन्हा हात?"

 मी शिष्यवृत्तीची माफी मागायला आलो होतो. इतक्या वर्षांत मी स्वतःला जे जे दोष दिले होते, त्यांत हे कुठेच नव्हतं. ते मुकादमाचं होतं, चुलत्याचं होतं, बापूंचं होतं. वाट दाखवायला मी गेलो होतो, एवढंच मी धरून होतो. म्हाताऱ्याने हात पुढे केले नाहीत, दाखवले नाहीत. गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

मला खाली बसावंसं वाटलं. पण उभं राहूनच बोलायचं होतं. मी आमच्या गावच्या बोलीत बोललो; इथे पुस्तकी मराठीत लिहितो.

"तुमचा मुलगा मेला होता, तुम्ही घर बांधत होतात. माणसं मी इथं आणली. ते तुम्हाला मारत होते आणि मी बघत होतो. तुमचे हात मी बांधले. घट्ट बांधले. मग याचं घर कुठे आहे ते मी साहेबाला सांगितलं, याचं कॉलेज जावं म्हणूनच सांगितलं, आणि ते गेलं. याची बोटं त्यातच मोडली. मी शिकलो. माझं चुकलं. तुमचंही मी केलं आणि याचंही मीच केलं. मला माफ करा."